अडतीस किलो कमी

आता सांगणार आहे ती गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कोणालाच वाटलेली नाही. तुम्ही शेजारी राहायला येऊन महिनाही झाला नाही, आणि विचारलंत तेही किती साधं, की घरात मासे ठेवायचेत, तर टाकीखालचा स्टॅण्ड लाकडाचा करावा की लोखंडाचा. दुसरा कोणी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झाला असता. पण या एका शब्दासाठी सव्वातीन महिने घालवलेले एक गृहस्थ माझ्या माहितीचे आहेत. तेव्हा बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे. ही घ्या.

कोपऱ्यात इस्त्री करते आहे ती माझी लेक. तिची इस्त्री चालू आहे तोवर गोष्ट खरी चालली आहे असं समजा. थांबली, की मी दोन पावलं मागे येईन आणि दुरुस्ती करीन. या घरात तशी रीतच आहे.

तर त्या गृहस्थांना सगळे काटेवाले म्हणत. माझ्या फार जवळचे. इतके, की त्यांचा चष्मा मला लागतो. गावाच्या वेशीवर ट्रक तोलायचा जो मोठा काटा असतो, त्यावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली. भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतो तो माल. आयुष्याचंही असंच असतं असं ते म्हणत, पण म्हणजे कसं ते कोणी विचारलं की गप्प बसत. भाजीची पिशवी हातात घेऊन ते सांगत, "एक कांदा कमी आहे." आणि असायचा. ट्रक काट्यावर चढला की नुसत्या आकड्यावरून ओळखत, ड्रायव्हर नाश्ता करून आलाय की उपाशी.

इस्त्री थांबली. बरं. ड्रायव्हर ओळखीचा असला तर ओळखत.

लग्न झाल्यावर त्यांची बायको पहिल्यांदा डबा घेऊन काट्यावर आली, तेव्हा त्या लोखंडी पाटावर हौसेनं उभी राहिली आणि म्हणाली, "सांगा किती." काटा ट्रकांचा. शंभर किलोंच्या आतलं त्याला काही कळत नसे. आकडा शून्यावरून हलला नाही. "म्हणजे तुमच्या हिशेबात मी नाहीच," ती म्हणाली आणि डबा ठेवून निघून गेली. पुढची चाळीस वर्षं जेव्हा जेव्हा काटेवाले चुकले, तेव्हा तेव्हा तिने हे शून्य काढलं.

लेकीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, तेव्हा बायकोने मासे आणले. बाहेरच्या खोलीत भिंतीतच बांधून काढलेला एक सिमेंटचा ओटा होता, त्यावर चार फुटी काचेची टाकी. मासे बारा, पण खरा मासा एकच. काळपट, बोथट तोंडाचा, हातभर लांब.

वीतभर. इस्त्री चालू दे गं.

त्याला ती इन्स्पेक्टर म्हणायची. घरात कोणी आलं की तो काचेशी येऊन खालून वरपर्यंत बघायचा आणि पसंत नाही पडलं तर पाठ फिरवायचा. मासे आल्यावर जावई पहिल्यांदा आले तेव्हा तो तीन दिवस जेवला नव्हता. बायको त्याच्याशी बोलायची, तो काचेला तोंड लावून ऐकायचा. काटेवाले म्हणत, "त्याला काय कळतंय?" ती म्हणे, "निदान मध्येच वजन तरी विचारत नाही."

मग ती आजारी पडली. आजार सावकाश चालणारा होता, पण थांबत नव्हता. आतल्या खोलीत तिची कॉट लावली. सुरुवातीला लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ती टाकीपर्यंत यायची. पुढे दारापर्यंत. एके सकाळी ती म्हणाली, "अहो, टाकी इकडे आणता येईल का? या समोरच्या भिंतीला. मला पडल्या पडल्या दिसेल अशी."

"येईल की. पण ओटा काही उचलून आणता येणार नाही. स्टॅण्ड करावा लागेल."

"मग करा. खाली लोखंड, वर लाकूड, मध्ये काहीतरी मऊ. झालं."

"अगं, असं अंदाजाने नसतं होत. आधी वजन काढावं लागेल."

"काढा. पण लवकर काढा."

हे "लवकर" काटेवाल्यांनी ऐकलं. कानाला त्यांच्या काही झालेलं नव्हतं. पण ज्याने चौतीस वर्षं घाई करणाऱ्या ड्रायव्हरांना "थांबा, काटा स्थिर होऊ द्या" असं सांगितलंय, त्याला लवकर म्हणजे नीट असंच ऐकू येतं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी मांडणी केली. पाणी दोनशे वीस किलो, काच बावन्न, तळाची वाळू-खडी तीस, दगड, मोटार, झाकण मिळून आठ. एकूण तीनशे दहा. ट्रकच्या जगात तीनशे दहा किलो म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांच्या गप्पा. पण घरात, आजारी माणसाच्या उशापासून चार हातांवर, तीनशे दहा किलो काच आणि पाणी. काटेवाल्यांनी आकडा दोनदा मांडला आणि वेल्डर व सुतार या दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं. ही पहिली चूक.

"लोखंड," वेल्डर म्हणाला. "दीड इंची अँगल, चार पाय, मध्ये आडव्या पट्ट्या. वर हत्ती उभा करा, काका."

"हत्ती गळत नाही. टाकी गळते," सुतार म्हणाला. "रोज दोन थेंब सांडणार. तुझा अँगल आतून भुसभुशीत. आणि लोखंड न सांगता जातं, काटेवाले. लाकडाचं तसं नाही. ते आधी करकरतं. माणसाला उठायला वेळ देतं."

"लाकूड फुगतं."

"तूही फुगलायस. मोडलायस का?"

आतून आवाज आला, "दोघांचंही बरोबर आहे. दोघं मिळून करा ना."

"वहिनी, तुमचा शब्द मोडायचा नाही," सुतार म्हणाला, "पण याच्याबरोबर मी एका बाकावर बसणार नाही."

"मला तरी कुठं हौस आहे, काकू," वेल्डर म्हणाला.

जावयांना सासऱ्यांची ही खटपट बघवेना. त्यांनी दुकानातून तयार स्टॅण्ड आणला. भुश्याच्या दाबलेल्या फळ्या, वर चकचकीत कागद, आणि खोक्यावर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. "बाबा, अर्ध्या तासात जोडून होतो," ते म्हणाले, आणि अडीच तासांत जोडला. काटेवाल्यांनी त्यावर ओलं फडकं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं. फळीची कड चहात राहिलेल्या बिस्किटासारखी फुगली होती.

"पण बाबा, यावर ओलं फडकं ठेवणार कोण?"

"मासे."

जावयांनी स्टॅण्ड परत खोक्यात भरला. खोक्यावरचं कुटुंब हसतच होतं.

मग वेल्डरचा लोखंडी सांगाडा आला. देखणा होता. आतल्या खोलीत ठेवला आणि पाणसळ लावली, तर बुडबुडा एका कडेला. खोली धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला उतार होता, त्यामुळे एक पाय अधांतरी. वेल्डर म्हणाला, पाचर मारू. काटेवाले म्हणाले, "तीनशे दहा किलो आणि पाचर?" सांगाडा परत गेला. सुतार त्या दिवशी मुद्दाम दोनदा घरावरून गेला.

गवंडी म्हणाला, विटांचे दोन खांब, वर दगडी फरशी, पिढ्यान्‌पिढ्या बघायला नको. त्याने विटा आणून दारात घासायला सुरुवात केली. ती लाल धूळ आत गेली आणि कॉटवरचा खोकला तासभर थांबेना. लेकीने गवंड्याला विटांसकट हात जोडले.

राहिलं लाकूड. पण कोणतं? काटेवाल्यांनी सुताराकडून सात प्रकारच्या लाकडांचे तुकडे मागवले, कोरडे तोलले, आणि पाणी किती पितात ते बघायला पंधरा दिवस भिजत घातले. घरातली प्रत्येक बादली गुंतली. प्रत्येकीवर चिठ्ठी, नाव, तारीख. लेक आईच्या सेवेला येऊन राहिली होती, तिने त्या पंधरा दिवसांत कुकरमधून पाणी घेऊन अंघोळ केली.

इस्त्री चालू आहे बघा. हे खरं आहे.

त्या पंधरा दिवसांत बायकोचं दारापर्यंत येणंही थांबलं. लेकीने मग एक युक्ती काढली. कपाटाचा आरसा काढून दाराच्या चौकटीत तिरका उभा केला, म्हणजे कॉटवरून त्यात टाकी दिसेल. दिसली. बायकोने बराच वेळ बघितलं.

"कसं दिसतंय, आई?"

"छान. फक्त सगळे मासे डावखुरे वाटतात."

जावयांनी इन्स्पेक्टरचा व्हिडिओ काढून फोन तिच्यासमोर धरला. तिने बघितलं आणि फोन हळूच बाजूला केला. "हा मला ओळखत नाही," ती म्हणाली.

एके दुपारी काटेवाले तिच्या कॉटशी बसून सातवा तुकडा तोलत होते, तेव्हा ती म्हणाली, "अहो, एक करता का? टाकी राहू द्या. त्या एकट्याला मोठ्या बरणीत घाला आणि इथे स्टुलावर ठेवा. थोडा वेळ."

"बरणीत? कोंडल्यासारखं होईल त्याला. तो मोठा आहे."

"थोडाच वेळ."

"अगं, आता झालंच. आठवडाभराचा प्रश्न आहे. मग सगळी टाकीच येतेय."

ती बरं म्हणाली. वाद घालण्याइतका श्वास ती त्या दिवसांत खर्च करत नसे. काटेवाल्यांनी आकडा लिहून घेतला. तो तुकडा सगळ्यांत कमी पाणी प्यायला होता, आणि ते मनातून खूश होते. मनुष्य केव्हा खूश असतो हे नंतर आठवलं की फार वाईट वाटतं.

सातही तुकड्यांचा निकाल असा लागला, की लाकूड वर चांगलं पण पायांना नको, फरशीवरचं पाणी पायच पितात. लोखंड पायांना चांगलं पण वर नको, काचेला लोखंडाचा कडक टेकू सोसत नाही. म्हणजे खाली लोखंड, पायांना खालीवर होणारे स्क्रू. त्यावर दीड इंच जाडीचं लाकूड. आणि लाकूड व काच यांच्यामध्ये थर्माकोलची शीट. खाली लोखंड, वर लाकूड, मध्ये काहीतरी मऊ. हे कॅलेंडरच्या पाठीवर लिहून झाल्यावर काटेवाल्यांनी त्या कागदाची घडी घातली. मग उठले, आणि वेल्डर व सुतार या दोघांच्याही घरी स्वतः गेले.

दोघांनी भांडण नंतरसाठी ठेवलं आणि काम केलं. लोखंडाची कड लाकडाला लागू नये म्हणून वेल्डरने ती हाताने घासली. सुताराने फळ्यांना रंधा इतका मारला, की त्यावर माशी बसली तर घसरावी.

इस्त्री थांबली. घसरली नाही, पण विचारात पडावी.

मध्ये नऊ-दहा दिवस तसेच गेले. त्याचं काही सांगण्यासारखं नाही. ते सोडा.

मग स्टॅण्ड आतल्या खोलीत आला. पाय स्क्रूवर खालीवर केले, पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये. जावई म्हणाले, "झालं. भरूया टाकी." काटेवाले म्हणाले, "आधी रिकामी, मग भरलेली. वजन देऊन बघितल्याशिवाय काच चढणार नाही."

"तीनशे दहा किलो आणायचे कुठून, बाबा?"

"माणसं आहेत की."

त्यांनी स्वयंपाकघरातला वजनाचा काटा आणला.

आता इस्त्रीचं काय झालं? बरं. स्वयंपाकघरातला नाही, दवाखान्यातल्यासारखा, उभं राहायचा. एकेकाला उभं केलं. सुतार चौसष्ट. वेल्डर एक्क्याऐंशी. जावई त्र्याहत्तर. लेक चोपन्न. कागदावर बेरीज, दोनशे बाहत्तर. अडतीस किलो कमी.

"तुम्ही बसा की, काटेवाले," सुतार म्हणाला.

"काट्यावरचा माणूस काट्यावर चढत नसतो. बुडबुडा कोण बघणार?"

स्टॅण्ड चार फूट लांब, दीड फूट रुंद. तिघं कॉटकडे तोंड करून, बाकीचे भिंतीकडे, असं बसवलं. वेल्डर आणि सुतार पाठीला पाठ लावून आले. एका बाकावर बसणार नाही म्हणणारे ते दोघं एका फळीवर बसले. भिंतीकडचा वेल्डर, एरवी तोंड न मिटणारा, मान खाली घालून बसला होता. लेकीचा पदर तोंडाशी होता. सगळे असे गंभीर, की जणू स्टॅण्डच्या मनाला लागेल म्हणून कोणी श्वास सोडत नव्हतं.

आणि तेव्हा कॉटवरून आवाज आला. हेच तुम्हाला खरं वाटणार नाही.

"अहो, किती कमी पडतंय?"

"अडतीस."

"मग मला बसवा. माझं तेवढंच उरलंय."

काटेवाल्यांनी तिला उचललं. उचलताना त्यांच्या हातांनी आपोआप तोललं, एवढी वर्षांची सवय, आणि बरोबर अडतीस भरले, कांदाभरही कमी नाही. वेल्डरच्या शेजारी जागा होती, तिथे तिला बसवलं. ती तशी भिंतीकडे तोंड करून बसायची नाही, म्हणून सगळ्यांना फिरवलं. मग ती बसली. पाय खाली लोंबत होते, लहान मुलीसारखे हलवत होती. म्हणाली, "आता सांगा. या वेळी तरी आकडा हलला का?"

"हलला," काटेवाले म्हणाले. "तीनशे दहा झाले."

"म्हणजे मी हिशेबात आहे."

"तू नसतीस तर हिशेब पुरा झालाच नसता."

कोणी हसलं नाही. मला वाटतं त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. काटेवाले गुडघ्यांवर बसून बुडबुड्याकडे बघत होते. काटा स्थिर होऊ द्यायला तासभर तरी हवा, म्हणून तासभर सगळे बसले. लाकूड करकरलं नाही. लोखंड न सांगता गेलं नाही. बुडबुडा जागचा हलला नाही.

मग टाकी आली. पाणी भरलं, बादल्या आता मोकळ्या होत्या. दिवा लावला. तिला कॉटवर कुशीवर निजवलं, उशी थोडी उंच केली. इन्स्पेक्टर पहिल्यांदा दगडामागे गेला, मग बाहेर आला, खोली बघितली, जावयांना बघून पाठ फिरवली, आणि सरळ कॉटच्या बाजूच्या काचेला येऊन तोंड लावलं. ती त्याच्याशी बोलली. काय बोलली ते काटेवाल्यांनी ऐकलं नाही, कारण ते ओंजळीने सांडलेलं पाणी पुसत होते. पण बराच वेळ बोलली. मध्ये एकदा काटेवाल्यांकडे बघून म्हणाली, "उशीर नाही झाला हो. अगदी वेळेवर आलात." आणि मग ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली, ती आणि तो, संध्याकाळ होईपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर कितीतरी...

कापड करपल्याचा वास येतोय का तुम्हाला? मलाही येतोय. इस्त्री केव्हाची थांबली आहे. अगं, शर्ट जळेल तो. मी दुरुस्त करतो, थांब, कुठपर्यंत मागे जाऊ सांग. ओंजळीने नाही, फडक्याने पुसलं. पाय हलवत नव्हती, नुसते लोंबत होते. तेवढं चालेल ना?

लेकीने इस्त्री उभी केली.

"बाबा," ती म्हणाली, "आई त्याआधीच गेली होती. पाचव्या जागी वाळूचं पोतं होतं. तुम्हीच भरलंत आणि दोनदा तोललंत, अडतीस किलो."